कॅमेऱ्याचा तालांव आला तर काय करायचं? गोव्यातल्या गाडीवाल्यांसाठी

वाहतुकीच्या दंडाला गोव्यात आपण अजून तालांवच म्हणतो. पोर्तुगीज गेले, पण पावतीपुस्तकाच्या फाडून देण्याच्या कागदाचा त्यांचा शब्द मागे राहिला. आता तो कागद फाडायला समोर पोलीस असावाच लागतो असं नाही. २०२३ च्या जूनमध्ये मेरशी जंक्शनवर गोव्यातला पहिला एआय सिग्नल, म्हणजे नियम मोडणाऱ्याला कॅमेऱ्याने टिपणारा, लागला, आणि तेव्हापासून माझ्या टेबलावर येणाऱ्या लोकांची तऱ्हाच बदलली.

म्हापशात मी गाड्यांचे कागद करून देतो. आरसी म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, विमा, नाव बदलणं, कर्जाचा बोजा उतरवणं, असली कामं. पूर्वी माणूस फाइल घेऊन यायचा, आता मोबाइल पुढे करतो. वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, मी त्या दिवशी पणजीला गेलोच नव्हतो, मग तालांव माझ्या नावावर कसा?"

कारण कॅमेऱ्याने तुम्हाला पाहिलेलंच नसतं. त्याने नंबरप्लेट वाचली, प्लेटवरून सरकारी नोंद उघडली आणि नोंदीत ज्याचं नाव सापडलं त्याला दंड पाठवला. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका साखळीभोवती फिरतं. प्लेट, नोंद आणि नाव यांतली कडी कुठे निसटली ते शोधलं की अर्धं काम झालं.

खांबावरचा कॅमेरा नेमकं काय करतो

साधा सीसीटीव्ही नुसतं चित्रण करतो. नंबर वाचणारा कॅमेरा, ज्याला एएनपीआर म्हणतात, तो चित्रातून अक्षरं काढतो. त्याच्याजवळ डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकणारा दिवा असतो. प्लेटवरचा चकाकता थर हा उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतो. अंधारात मांजरावर बॅटरी मारली तर आख्खं मांजर दिसत नाही, पण डोळे चमकतात, तसंच. म्हणून रात्रीच्या फोटोत गाडी काळपट आणि प्लेट लख्ख असते. शटर फार कमी वेळ उघडं राहतं, त्यामुळे धावत्या गाडीचा नंबरही हलत नाही.

मग संगणक चित्रातला प्लेटचा चौकोन शोधतो, एकेक अक्षर वेगळं करतो आणि प्रत्येकाबद्दल अंदाज बांधतो. हा शब्द नीट लक्षात ठेवा, अंदाज. यंत्र आपल्यासारखं वाचत नाही. हे आठ असण्याची शक्यता इतकी, तीन असण्याची इतकी, असा हिशोब ते करतं. आठ आणि बी, पाच आणि एस, शून्य आणि डी या त्याच्या नेहमीच्या अडचणी. आपल्याकडे नंबरच्या मालिकेत आय आणि ओ ही अक्षरं टाळतात ती एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणूनच. जुळवलेला नंबर मग 'वाहन' या केंद्रीय नोंदीत शोधला जातो. तिथे मालकाच्या नावाबरोबर गाडीची कंपनी, मॉडेल, रंग, विम्याची आणि पीयूसीची मुदत सगळं दिसतं.

नंबर वाचणं एक आणि गुन्हा पकडणं वेगळं. लाल सिग्नल तोडल्याचं ठरवायला कॅमेऱ्याला सिग्नलकडून 'आता लाल आहे' हे कळावं लागतं आणि त्याच वेळी गाडीने थांबण्याची रेषा ओलांडलेली दिसावी लागते. वेग रडारवर मोजतात, किंवा दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांमधलं अंतर आणि लागलेला वेळ यांवरून काढतात. दोन किलोमीटर ७२ सेकंदांत कापले तर सरासरी ताशी १०० झाली. मग मधे कॅमेरा दिसल्यावर ब्रेक मारला होता की नाही, याला अर्थ उरत नाही. हेल्मेट आणि पट्टा चित्र ओळखणारी प्रणाली तपासते, आणि सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. डोक्याला घट्ट बांधलेला काळा स्कार्फ यंत्राला हेल्मेटसारखा वाटू शकतो आणि काळं हेल्मेट केसांसारखं. म्हणूनच चलान जाण्याआधी माणसाने फोटो पाहायला हवा.

ही युक्ती मुळात दंडासाठी निघालेलीच नाही. १९७६ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांच्या विज्ञान शाखेने ती चोरीच्या गाड्या शोधायला तयार केली, आणि अशा गाडीवरून पहिली अटक १९८१ मध्ये झाली. तो उपयोग आजही आहे. यादीतला नंबर कॅमेऱ्यासमोरून गेला की नियंत्रण कक्षाला इशारा मिळतो. गोव्यासारख्या राज्यात हे जास्त कामाचं, कारण चोरलेली गाडी बाहेर काढायची तर पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले, पोळे अशा मोजक्याच वाटा आहेत.

पहिलं काम: मेसेज खरा की खोटा

दंडाचा मेसेज आला की आपला हात आधी लिंककडे जातो. तो आवरा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलान' अशा नावाची फाइल येते, शेवटी एपीके लिहिलेलं असतं. ते चलान नव्हे, तुमच्या फोनमध्ये घुसणारं अ‍ॅप असतं. उघडलं की बँकेचे ओटीपी परस्पर तिकडे जातात. सरकारी चलान अ‍ॅप म्हणून येत नाही, एवढं घरातल्या म्हाताऱ्यांनाही सांगून ठेवा. चुकून दाबलंच तर फोनचं इंटरनेट बंद करून आधी बँकेला आणि मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. रात्र झाली, सकाळी बघू, असं म्हणू नका.

खरं-खोटं करायचं तर मेसेजमधली लिंक सोडून द्या आणि स्वतः ब्राउझरमध्ये परिवहन खात्याचं ई-चलान पोर्टल उघडा. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' असलंच पाहिजे. चलान नंबर, गाडीचा नंबर किंवा लायसन्स नंबर यांपैकी काहीही टाकून शोधता येतं. गाडीच्या नंबराने शोधताना चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे मागतात, ते आरसीवर असतात. एमपरिवहन अ‍ॅपमध्येही हेच दिसतं. तिथे काही दिसलं नाही तर आलेला मेसेज बहुधा फसवा समजायचा, आणि चार दिवसांनी एकदा पुन्हा बघायचं.

उलटही होतं. खरा तालांव असतो, पण मेसेज येतच नाही, कारण आरसीला जोडलेला मोबाइल नंबर दहा वर्षांपूर्वीचा, कधीच बंद पडलेला. काहींच्या आरसीवर तर गाडी विकणाऱ्या शोरूममधल्या पोराचा नंबर सापडतो! 'वाहन' पोर्टलवर मोबाइल नंबर बदलता येतो, पाच मिनिटांचं काम. पत्ता बदलला असेल तर कायद्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. पर्वरीला फ्लॅट घेऊन आरसीवर पेडण्यातल्या मूळ घराचा पत्ता ठेवलेले माझ्या ओळखीत कितीतरी आहेत. त्यांच्या नोटिसा चवथीला गावी गेल्यावर कपाटावर सापडतात.

फोटो वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक लोक रक्कम बघतात, कपाळाला हात लावतात आणि भरून मोकळे होतात. फोटो उघडतच नाहीत.

माझ्या थोरल्या भावाचीच गोष्ट सांगतो. तो साखळी गावाजवळ शाळेत शिकवतो, त्याच्याकडे राखाडी स्कूटर आहे. एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास पणजीत सिग्नल तोडल्याचा तालांव त्याला आला. त्या वेळी तो वर्गात होता. फोटो उघडला तर लाल रंगाची मोटारसायकल! नंबर मात्र पोर्टलवर त्याचाच. फोटो मोठा करत गेलो तेव्हा उलगडलं. त्या मोटारसायकलच्या प्लेटवरचा शेवटचा आकडा तीन होता. प्लेट हाताने भोक पाडून बसवलेली, आणि बोल्टचं गंजलेलं डोकं बरोबर तीनाच्या उघड्या बाजूला. लांबून पाहिलं तर तीनाचं तोंड मिटून आठ झालेला. यंत्राने आठ वाचला, आणि ज्याने तपासायचं त्याने राखाडी स्कूटर आणि लाल मोटारसायकल यांतला फरक पाहिला नाही.

आम्ही तक्रार केली. ज्या कार्यालयात गेलो तिथल्या खिडकीवरच्या माणसाने सल्ला दिला, "मास्तर, भरून टाका, कशाला हेलपाटे घालता?" भावाने भरले नाहीत. दोन फेऱ्या आणि पाचेक आठवडे गेले, मग तालांव रद्द झाला. त्याच्या पगाराच्या हिशोबाने तो सौदा तोट्यातच गेला म्हणायचा, पण मास्तर लोकांचं असंच असतं.

तेव्हा फोटो उघडला की पाहायचं ते असं. गाडी तुमचीच आहे का? मॉडेल, रंग, आरशांचा आकार, डिकीवरचा स्टिकर, मागचा पोचा, सगळं जुळवून बघा. नंबरचा प्रत्येक आकडा फोटो मोठा करून स्वतः वाचा, खाली छापलेल्या नंबरवर विसंबू नका. मग ठिकाण आणि वेळ. सिग्नलचा तालांव असेल तर फोटोत सिग्नल लाल दिसतोय का आणि गाडीची चाकं पांढऱ्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहेत? रेषेवर थांबलेली गाडी आणि रेषा ओलांडून निघालेली गाडी यांत फरक आहे. पाऊस धो-धो पडताना किंवा मागे रुग्णवाहिका असताना पुढे सरकलेल्या गाडीचे आणखी फोटो, असल्यास चित्रण, मागून घ्या.

नियमही इथे तुमच्या बाजूने आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३६-ए आलं आणि त्यावरून ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-ए घातला गेला. त्यात असं आहे की कॅमेऱ्याच्या चलानाला गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, यंत्राचं मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण आणि कुठलं कलम मोडलं ते हवं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही हवं. ते पूर्वी पुरावा कायद्याच्या ६५-बी खाली असायचं, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली असतं. यंत्राला मान्यतेचा दाखला लागतो आणि तो दरवर्षी नवा करावा लागतो. पुढे कॅमेऱ्याची नजर आहे असा फलक त्या रस्त्याआधी ठळक लावायचा. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची, हेही त्या नियमात लिहिलं. यातलं काही तुमच्या चलानात नसेल तर तक्रारीत ते नेमकं लिहा. 'माझ्यावर अन्याय झाला' यापेक्षा 'फोटोत नंबरप्लेट वाचता येत नाही' हे वाक्य जास्त चालतं.

भरायचा की लढायचा

चूक तुमची असेल तर भरून टाका. वाढीव दंड गोव्यात १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. कायद्यात हेल्मेट नसल्यास १,००० रुपये, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र होऊ शकतं. पट्टा नसल्यास १,०००. हलक्या वाहनाने वेगमर्यादा मोडल्यास १,००० ते २,०००. सिग्नल तोडणं कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक चालवण्यात बसवतात, तिथे पहिल्या वेळी १,००० ते ५,००० पर्यंत जातं. भरणा पोर्टलवरूनच करा आणि पावती उतरवून ठेवा. क्वचित पैसे खात्यातून जातात, पण पोर्टलवर चलान बाकीच दिसतं. तेव्हा घाईने दुसऱ्यांदा भरू नका, व्यवहाराचा क्रमांक घेऊन दोन दिवस थांबा.

लढायचं असेल तर मात्र आधी पैसे भरू नका. भरले म्हणजे गुन्हा कबूल केला असाच अर्थ होतो, मग परत मागणं अवघड. पोर्टलवर तक्रारीचा पर्याय आहे. तिथे चलान नंबर टाकून आरसीची प्रत, तुमच्या गाडीचे पुढून-मागून स्वच्छ फोटो आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे होती याचा काही पुरावा जोडायचा. कारखान्याचं हजेरीपत्रक चालतं, पेट्रोलची पावती चालते, सोसायटीच्या गेटवरचं चित्रण तर उत्तमच. पाच-सहा ओळींत लिहा, भाषणं नकोत. त्याची एक प्रत वाहतूक पोलिसांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. शिक्का मारलेली पोच ही आपल्याकडे अजूनही सगळ्यात चालणारी वस्तू आहे.

तिथे दाद लागली नाही तर प्रकरण न्यायालयात जातं आणि दंडाधिकाऱ्यासमोर बाजू मांडता येते. यंत्राच्या दाखल्याची प्रत हवी असेल तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. दुर्लक्ष करणं हा मार्ग नाही. गाडी विकताना किंवा नाव बदलताना जुने तालांव एकदम पुढे येतात आणि मग गिऱ्हाईक तुमच्या दारात उभं असताना तुम्ही पोर्टलशी झटत बसता.

गाडी दुसऱ्याच्या हातात असेल तेव्हा

गोव्यात हा भाग मोठा आहे. आपल्या गाड्या भाचा नेतो, मुंबईहून आलेला मावसभाऊ नेतो, भाड्याच्या गाड्या पाहुणे नेतात.

गाडी विकलेली असेल तर ऐका. नुसता स्टॅम्प पेपर करून चावी दिली म्हणजे विक्री झाली असं समजू नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ देऊन कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवायचं असतं. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, ही गोष्ट अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये स्पष्ट केली आहे. शिरसईच्या एका काकांनी स्कूटर विकून तीन वर्षं झाली होती, तालांव मात्र त्यांच्याच फोनवर येत होते, सगळे कळंगुटचे. काकूंनी घरात काय विचारलं ते इथे लिहीत नाही.

रेंट-अ-बाइक आणि रेंट-अ-कारची प्लेट काळी, अक्षरं पिवळी. पोलिसांना ती लांबून कळते. कॅमेऱ्याला मात्र मालकापलीकडे काही कळत नाही. म्हणून गाडी भाड्याने देणाऱ्याने करारावर तारखेबरोबर तासही लिहावा आणि गिऱ्हाइकाच्या लायसन्सचा फोटो ठेवावा. कलम १३३ प्रमाणे चालक कोण होता ही माहिती मालकाने द्यायची असते, आणि ती द्यायला कागदच उपयोगी पडतो. भाड्याने घेणाऱ्यालाही सांगतो, सावंतवाडीहून या की कोल्हापूरहून, गाडी घेताना आणि परत देताना प्लेटसकट फोटो काढा. सकाळी दुसऱ्याने केलेला गुन्हा तुमच्या डिपॉझिटमधून कापला जाऊ नये. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी कुणी स्वस्तात भाड्याने देत असेल तर घेऊच नका, तो मुळातच बेकायदा धंदा आहे.

तुमची प्लेट

१ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट गाडीच्या कंपनीकडूनच येते आणि डीलर ती लावून देतो. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा २० मिलिमीटरचा होलोग्राम, निळ्यात 'इंड' ही अक्षरं आणि लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक. हा कोरलेला क्रमांक महत्त्वाचा. तुमच्याच नंबरची खोटी प्लेट लावून दुसरी गाडी फिरत असेल, आणि असं होतं, तर खरी कोणती ते त्याच्यावरून ठरतं. अशी शंका आली की ई-चलानच्या तक्रारीवर थांबू नका, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. प्लेट हरवली किंवा चोरीला गेली तरी तेच, आणि त्याच दिवशी.

जुनी प्लेट असेल तर अक्षरं नियमाच्या मापात हवीत. चारचाकीला उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि दोन अक्षरांत अंतर १०. दुचाकीच्या मागच्या प्लेटवर अक्षरं ३५ आणि आकडे ४० मिलिमीटर उंचीचे. देवनागरीत नंबर लिहायचा मोह मलाही होतो, पण नियम इंग्रजी अक्षरांचा आहे. २१४ चे पाय ओढून 'राम' करणं, ४१४१ चा 'दादा' करणं, हे हौशी लोकांचे खेळ कॅमेऱ्याला समजत नाहीत आणि पोलिसाला लगेच समजतात. प्लेटवर पारदर्शक कव्हर, काळी फिल्म, वाकवलेला पत्रा, हे प्रकार तर 'मी लपवतोय' असं स्वतःच ओरडून सांगतात.

आणि आपली तांबडी माती. पावसात डिचोली, सांगेकडून येणाऱ्या गाडीच्या मागच्या प्लेटवर चिखलाचा असा थर बसतो की होलोग्रामही दिसत नाही. किनाऱ्याकडे खारी हवा बोल्ट खाते आणि गंजाचा ओघळ खालच्या आकड्यावर उतरतो. भावाच्या प्रकरणानंतर मी टेबलाखाली एक जुना पंचा आणि पाण्याची बाटली ठेवली आहे. कागदांना गाडी घेऊन कुणी आलं की आधी बाहेर जातो, प्लेट पुसतो, बोल्ट कुठल्या आकड्याला टेकलाय ते बघतो. लोक हसतात. परवा थिवीचा एक पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, म्हणाला, "पात्रांव, टायरपण धुणार काय?" त्याच्या मोटारसायकलच्या प्लेटवरचा एक बोल्ट नेमका सहाच्या पोटात होता. तो काढून बाजूला मारायला दहा मिनिटं लागली.